गाडीच्या लिथियम-आयन बॅटरीची तब्येत आणि उरलेलं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटऱ्या तपासणे हे माझे रोजचे काम. त्यात तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा कानावर पडतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. घाई असेल त्यांनी घरच्या घरी मोजण्याचा आणि उरलेल्या वर्षांचा असे दोनच प्रश्न वाचले तरी काम भागेल.

एसओएच, एसओएच म्हणतात ते नेमकं काय?

स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे बॅटरीची तब्येत. नवी असताना तिच्यात जेवढा चार्ज मावत होता त्याच्या किती टक्के आज मावतो, हा त्याचा रूढ अर्थ. गाडीची बॅटरी म्हणजे अनेक सुटे सेल जोडून केलेला पॅक, आणि चार्जचे माप अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांचा सेल आज ८८ अँपिअर-तासांतच भरत असेल तर एसओएच ८८ टक्के.

याची एसओसीशी हमखास गल्लत होते. एसओसी म्हणजे बॅटरी या घडीला किती भरलेली आहे. धरणाचे पाहा: आज किती टक्के पाणी आहे ते एसओसी, आणि तळाला गाळ साचून मुळातली साठवण किती उरली ते एसओएच. गाळाने अर्धे भरलेले धरणसुद्धा पावसाळ्यात काठोकाठ भरते आणि ‘शंभर टक्के भरले’ अशी बातमी येते. गाडीच्या स्क्रीनवरच्या १०० टक्क्यांतही गाळाचा हिशेब दिसत नाही.

तब्येतीची दुसरी बाजू म्हणजे अंतर्गत रोध, सेलच्या आत करंटला होणारा अडथळा. किती लांब जाता येईल ते क्षमता ठरवते, किती जोर लावता येईल ते रोध ठरवतो. दोन्ही एकाच वेगाने बिघडतात असे नाही. त्यामुळे कोणी नुसते ‘एसओएच ९०’ म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, क्षमतेचा की रोधाचा? आणि दुसरा, कशाच्या तुलनेत? पॅकची एकूण क्षमता आणि कंपनी वापरू देते ती क्षमता यांत फरक असतो. वरच्या आणि खालच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवलेली असते. बॅटरी उतरू लागली की काही गाड्या या राखीव जागेतली थोडी थोडी मोकळी करतात. अशा गाडीत सुरुवातीची काही वर्षे घट दिसतच नाही. आत मात्र ती चालू असते.

पूर्वी फुल चार्जवर जेवढी रेंज दिसायची तेवढी आता दिसत नाही. बॅटरी गेली का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. स्क्रीनवरचा रेंजचा आकडा म्हणजे उरलेली ऊर्जा भागिले तुमचा अलीकडचा दर किलोमीटरचा खप. आठवडाभर हायवेवर दामटली, टायरमधली हवा उतरली, एसी सतत चालला की तो खाली येतो. थंडीत तर सेलमधली हालचालच मंदावते आणि आत असलेला सगळा चार्ज बाहेर काढता येत नाही. ऊब आली की तो परत मिळतो. एसओएचची घट परत मिळत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे आत काय होतं?

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, कॅथोडकडून (धन टोक) ग्राफाइटच्या अॅनोडकडे (ऋण टोक) जातात आणि गाडी चालताना परत येतात. म्हातारपण म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टी. एक तर ये-जा करणारे लिथियम कमी होते, नाही तर त्याला सामावून घेणारा माल खराब होतो.

लिथियम खाणारा मुख्य चोर म्हणजे एसईआय नावाचा थर. ग्राफाइट आणि इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) यांच्यामध्ये तो पहिल्याच चार्जिंगला तयार होतो आणि थोडे लिथियम गिळतो. तो हवाही असतो, कारण त्याच्याच आडोशामुळे पुढची झीज आटोक्यात राहते. पण तो वाढायचा थांबत नाही. थर जाड होत जातो तशी त्याची वाढ मंदावते, म्हणून ही झीज साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. सुरुवातीला भरभर, मग सावकाश. गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच असते. उष्णतेने वेग वाढतो, दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट, असा कामचलाऊ नियम आहे. बॅटरी काठोकाठ भरून ठेवली तरीही वेग वाढतो.

याखेरीज वापराची झीज. लिथियम आत शिरताना ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगतो आणि बाहेर पडताना आकसतो. हे शेकडो-हजारो वेळा झाले की कणांना तडे जातात, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा एसईआय चढतो. कॅथोडच्या कणांनाही तडे जातात. थंड बॅटरी जोरात चार्ज केली तर आणखी वाईट होते. आयनांना ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही आणि ते पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. याला प्लेटिंग म्हणतात. त्यातले काही लिथियम परत कामाला येते, बाकीचे कायमचे जाते. जे साचते त्यातून पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही असतो.

हा हिशेब किती बारीक आहे ते आकड्यांत पाहा. एकदा भरून रिकामे करणे म्हणजे एक चक्र. दर चक्रात ९९.९८ टक्के लिथियम परत येत असेल तर १००० चक्रांनंतर सुमारे ८२ टक्के उरते. ९९.९० टक्के परत येत असेल तर उरते जेमतेम ३७ टक्के. फरक शंभरात ०.०८ चा! गाडीतल्या करंट सेन्सरला इतका बारीक फरक एका चक्रात दिसणे शक्य नाही. पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ इथे आहे.

मग गाडीला स्वतःची एसओएच कळते तरी कशी?

कळत नाही, ती अंदाज बांधते. बॅटरी सांभाळणाऱ्या बीएमएसकडे मुख्यतः तीन गोष्टींची मापे असतात: करंट, व्होल्टेज आणि तापमान. तब्येत मोजणारा सेन्सर कोणत्याच गाडीत नसतो.

समजा तुमच्याकडे एक अपारदर्शक रांजण आहे. आत किती पाणी आहे हे कळायला दोन वाटा. एक, किती तांबे ओतले आणि किती काढले त्याची मोजदाद ठेवायची. दुसरी, काठी बुडवून ओल कुठवर आली ते बघायचे. बीएमएस दोन्ही करते. करंट आणि वेळ यांच्या गुणाकाराची बेरीज, म्हणजे कूलॉम्ब काउंटिंग, ही झाली तांब्यांची मोजदाद. तिच्यात चूक साचत जाते. सेन्सर सतत ०.२ अँपिअर जास्त दाखवत असेल तर १० तासांत २ अँपिअर-तासांची तफावत पडते, १०० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ती २ टक्के झाली. काठी म्हणजे शांत बॅटरीचे व्होल्टेज. पण बॅटरी शांत व्हायला गाडी उभी राहावी लागते, कधीकधी काही तास.

दोन्हींची सांगड घातली की क्षमता निघते. सकाळी व्होल्टेजवरून बॅटरी ८५ टक्के भरलेली होती, रात्री २५ टक्के निघाली, मधल्या मोजदादीत ५४ अँपिअर-तास खर्च झाले. ६० टक्क्यांना ५४, तर १०० टक्क्यांना ९०. नवी असताना १०० होती, म्हणून एसओएच ९०. मूळ गणित एवढेच.

वास्तवात दोन्ही मापे थोडी थोडी खोटी बोलतात. कोणावर केव्हा किती भरवसा ठेवायचा हे दर क्षणी ठरवायला कालमन फिल्टर नावाची गणिती रीत वापरतात. रुडॉल्फ कालमन यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि अपोलो यानांना वाट दाखवायला ती वापरली गेली. गाड्यांच्या बॅटरीसाठी ती कशी जुळवायची हे ग्रेगरी प्लेट यांनी २००४ च्या शोधनिबंधांत सविस्तर दाखवले. आजच्या बऱ्याच बीएमएसमध्ये त्याचीच भावंडे आहेत.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. तुम्ही गाडी कायम ६० ते ८० टक्क्यांच्या मध्येच फिरवत असाल तर बीएमएसला काठी बुडवायला लांबरुंद पल्ला मिळतच नाही, आणि तिचा अंदाज महिनोन्महिने जुन्याच आकड्यावर अडून राहतो. बॅटरीसाठी ही सवय उत्तम, मोजमापासाठी वाईट.

माझ्या गाडीत एलएफपी बॅटरी आहे. अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असं सांगतात, ते का?

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. तिथे काठी बुडवून काही कळत नाही. काही मिलिव्होल्टच्या चुकीने एसओसीचा अंदाज कितीतरी टक्क्यांनी हुकतो. भर म्हणजे चार्ज करून थांबलो की डिस्चार्ज करून थांबलो यावरही शांत व्होल्टेज थोडे बदलते. वरच्या टोकाला मात्र ते झपकन चढते. तिथे पोचल्यावर बीएमएसला खूण सापडते आणि सेल एकमेकांशी जुळवून घ्यायलाही वेळ मिळतो. म्हणून तो सल्ला पाळा. निकेल असलेल्या एनएमसीसारख्या बॅटरीला मात्र तो लागू नाही, तिचा रोजचा मुक्काम ८० टक्क्यांच्या आसपास बरा.

घरच्या घरी एसओएच मोजता येते का?

येते, आणि मोजावी असे मला वाटते. लागते काय तर युनिट दाखवणारा मीटर, कागद आणि संयम.

समजा वापरता येणारी क्षमता नवी असताना ४० युनिट, म्हणजे ४० किलोवॅट-तास. बॅटरी २० टक्क्यांवर आहे. साध्या एसी चार्जरने ९० टक्क्यांपर्यंत भरली. मीटरवर २७.५ युनिट चढले. ते सगळे बॅटरीत गेले नाहीत. चार्जरमध्ये, वायरींमध्ये, गाडीच्या पंप-पंख्यांत काही उडाले. ८८ टक्के आत गेले असे धरू. २७.५ गुणिले ०.८८ म्हणजे २४.२. हे ७० टक्क्यांचे झाले. भागिले ०.७, म्हणजे सुमारे ३४.६ युनिट. ४० च्या तुलनेत ८६ टक्के.

आता यात चूक किती, तेही त्याच कागदावर काढा. ८८ ऐवजी ८५ टक्के आत गेले असतील तर उत्तर ८३.५ येते, ९१ टक्के गेले असतील तर ८९.४. शिवाय स्क्रीनवरचे २० म्हणजे १९.५ ही असेल किंवा २०.५ ही. तेव्हा ‘८६’ असे न लिहिता ‘८३ ते ८९’ असे लिहा.

चुकीचा मोठा भाग पल्ल्याच्या लांबीवर ठरतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा मिळून २ टक्क्यांची गफलत झाली आणि तुम्ही ७० टक्के भरले असतील, तर उत्तर साधारण ३ टक्क्यांनी हुकते. फक्त ६० ते ८० भरून हिशेब केलात तर तीच गफलत उत्तर १० टक्क्यांनी हलवते. इंटरनेटवरचे अर्ध्याहून अधिक ‘माझी बॅटरी वर्षात १० टक्के उतरली’ हे वाद या एका कारणाने मिटतील, असा माझा अंदाज आहे.

आणखी दोन पथ्ये. मोजताना बॅटरी फार गार किंवा फार तापलेली नको. २० ते ३० अंशांच्या आसपास बरी. आणि दरवेळी तोच चार्जर, तोच पल्ला, जमल्यास तोच ऋतू. चार्जिंगमधली गळती नेमकी किती हे कळले नाही तरी ती दरवेळी सारखीच असेल, म्हणून दोन वर्षांच्या मापांतला फरक त्यातल्या कोणत्याही एका मापापेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

ओबीडी डोंगल आणि मोबाइल अॅपवर दिसणारा आकडा खरा का?

ओबीडी डोंगल म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचे छोटे यंत्र. त्यावरचा आकडा बहुधा बीएमएसनेच काढलेला असतो, अॅप फक्त तो वाचून दाखवते. दशांशचिन्हापुढे दोन अंक दिसले म्हणून तो अधिक अचूक होत नाही. काही अॅप स्वतःच हिशेब करतात, तेव्हा कोणता पल्ला धरला ते बघा.

डोंगलचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो एकेका सेलचे व्होल्टेज दाखवतो. त्याबद्दल जुनी गाडी घेण्याच्या प्रश्नात सांगतो.

अंतर्गत रोध कसा काढतात आणि तो वाढला तर काय होतं?

करंट एकदम बदलला की व्होल्टेज किती पडते त्यावरून. शांत सेल ३.७० व्होल्टवर आहे, १०० अँपिअर खेचले आणि तो ३.५८ वर आला. ०.१२ भागिले १०० म्हणजे १.२ मिलिओहम. हाच सेल नवा असताना ०.८ मिलिओहमचा असेल तर रोध दीडपट झाला.

परिणाम उष्णतेत दिसतो. १०० अँपिअरला तो सेल पूर्वी ८ वॉट उष्णता करायचा, आता १२ करतो. असे ९६ सेल एकापुढे एक जोडलेले असले तर पूर्ण पॅकमध्ये सुमारे ७७० वॉटच्या जागी ११५० वॉट. गाडी चढावर ढेपाळते, फास्ट चार्जिंग लवकर मंदावते, बॅटरी कमी असताना अॅक्सिलरेटर दाबला की व्होल्टेज खाली कोसळते. क्षमता ठीक असूनही गाडी ‘मेल्यासारखी’ वाटते ती यामुळे. मात्र थंडीत आणि बॅटरी रिकामी होत आली की रोध आपोआपच वाढतो, म्हणून तुलना करायची तर तापमान आणि एसओसी सारखेच हवे.

प्रयोगशाळेत काय वेगळं करतात?

तापमान धरून ठेवलेल्या पेटीत सेल पूर्ण भरतात, सावकाश पूर्ण रिकामा करतात आणि निघालेला चार्ज मोजतात. क्षमतेचे सर्वांत सरळ माप हेच, पण एका चाचणीला दिवस जातो.

मला स्वतःला आवडते ती पद्धत डीक्यू-डीव्ही वक्राची. सावकाश चार्ज करताना व्होल्टेजच्या प्रत्येक लहान टप्प्यात किती चार्ज गेला ते मांडले की आलेखात शिखरे दिसतात. सेल म्हातारा झाला की ती सरकतात, बुटकी होतात. कोणते शिखर किती सरकले यावरून लिथियम गेले की अॅनोड-कॅथोडचा माल गेला हे ओळखता येते. दोन सेल, दोघांचाही एसओएच ८८, पण एकाचे फक्त लिथियम गेलेले आणि दुसऱ्याच्या अॅनोडचा मालही खराब. दुसऱ्याचे पुढे काही खरे नसते. नुसत्या टक्केवारीत ते दोघे जुळे दिसतात. इम्पिडन्स स्पेक्ट्रोस्कोपी हीदेखील अशीच आत डोकावणारी चाचणी, तिच्यात वेगवेगळ्या वारंवारितेचा इवलासा एसी करंट सोडून प्रतिसाद बघतात. गाडीत बसवायला ती अजून अवघड जाते.

माझी बॅटरी अजून किती वर्षं चालेल?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त फसवा प्रश्न. का ते एका उदाहरणाने दाखवतो.

दोन वर्षांत ६ टक्के घट झाली. २० टक्के घट केव्हा होईल? सरळ रेषेने गेलो तर वर्षाला ३ टक्के, म्हणजे एकूण ६ वर्षे ८ महिने. वर्गमुळाच्या नियमाने गेलो तर सुमारे २२ वर्षे. माप तेच, गाडी तीच! त्यातून ते ६ टक्के घरी मोजलेले असतील तर खरे ४ असतील किंवा ८. तसे धरले तर सरळ रेषेचे उत्तर ५ ते १० वर्षे होते आणि वर्गमुळाचे साडेबारा ते ५०. दोन वर्षांच्या गाडीवरून कोणी ‘अजून ९ वर्षे ४ महिने’ असे छापून देत असेल तर तो कागद चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीचा.

खरी घट या दोहोंच्या मिश्रणाने होते. उभ्या-उभ्या होणारी झीज वर्गमुळाने, चालवण्याची झीज बरीचशी किलोमीटरच्या प्रमाणात. म्हणून दरवर्षी एक माप घेऊन वहीत लिहीत जा. समजा एकूण घट अशी दिसली: ३.५, ५, ६.२, ७.३. म्हणजे दरवर्षीची भर ३.५, १.५, १.२, १.१. भर कमी होतेय किंवा स्थिर होतेय, हे चांगले चिन्ह. पहिल्या वर्षाचा मोठा आकडा बघून घाबरू नका, तो बहुतेकांचा तसाच असतो.

उलट भर १.१ वरून १.६, मग २.४ अशी वाढू लागली तर सावध व्हा. याला ‘गुडघा’ म्हणतात, कारण आलेख तिथे गुडघ्यासारखा वाकून खाली कोसळतो. प्लेटिंग सुरू होणे, इलेक्ट्रोलाइट आटणे, अॅनोडचा माल कमी पडणे अशा कारणांनी एक झीज दुसरीला खतपाणी घालू लागते. गुडघा येण्याआधी क्षमतेच्या आकड्यात त्याची चाहूल फारशी लागत नाही. रोध मात्र कधीकधी आधी वाढायला लागतो, म्हणून वहीत दोन रकाने ठेवलेले बरे.

तेव्हा माझे उत्तर नेहमी पट्ट्यात असते: ‘असाच वापर राहिला तर ७० टक्क्यांवर यायला बहुधा ६ ते ११ वर्षे, आणि दोन वर्षांनी परत या, पट्टा अरुंद करून देतो.’ लोकांना ते आवडत नाही. एकच आकडा हवा असतो.

एआय आता बॅटरीचं आयुष्य आधीच सांगतं म्हणे?

प्रयोगशाळेत, हो. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी १२४ एलएफपी सेलवर काम प्रसिद्ध केले. सेलची आयुष्ये १५० पासून २३०० चक्रांपर्यंत पसरलेली होती. पहिल्या १०० चक्रांची, म्हणजे बहुतेक सेलमध्ये घट अजून जाणवायचीच होती तेव्हाची माहिती वापरून त्यांनी आयुष्य वर्तवले आणि सरासरी चूक ९.१ टक्के आली. क्षमतेच्या आकड्यापेक्षा डिस्चार्जच्या वक्राचा आकार किती बदलतो याकडे त्यांनी पाहिले, हीच त्यातली हुशारी. थक्क करणारे काम आहे.

पण ते सेल एकाच जातीचे होते, ३० अंशांच्या पेटीत ठेवलेले, आणि ठरलेल्या पद्धतीनेच चार्ज होणारे. तुमची गाडी कधी उन्हात उभी असते, कधी घाटात असते, कधी महिनाभर झाकून ठेवलेली असते. रस्त्यावरचा वापर प्रयोगशाळेहून वेगळाच निकाल देतो, आणि दरवेळी वाईटच देतो असेही नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ९२ सेल दोन वर्षांहून अधिक काळ तपासले. त्यांना असे दिसले, की सरासरी करंट तेवढाच ठेवून रस्त्यावरच्यासारखा चढउतार दिला तर एकसारख्या डिस्चार्जच्या तुलनेत आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे नेहमीच्या ठोकळेबाज चाचण्या बॅटरीचे आयुष्य कमीच सांगत आल्या असण्याची शक्यता आहे.

८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी संपली, हे कोणी ठरवलं?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या यूएसएबीसी या संघाने चाचण्यांसाठी घातलेल्या नियमांतून हा आकडा रूढ झाला. तेव्हाच्या गाड्यांची रेंजच एवढी तुटपुंजी होती की २० टक्के घट म्हणजे गाडी निरुपयोगी. आज मोठ्या पॅकच्या गाडीला ७५ टक्क्यांवरही रोजची धाव सहज झेपते. तुमच्यापुरता शेवट तुम्हीच ठरवा: रोज किती किलोमीटर लागतात, त्याच्या दीडपट रेंज उरत नाही तो दिवस.

नियमांच्या भाषेत मात्र आकडे पक्के आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये आलेला जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ सांगतो, की प्रवासी कारमध्ये ५ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर होईपर्यंत प्रमाणित ऊर्जेच्या ८० टक्के, आणि ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर होईपर्यंत ७० टक्के टिकली पाहिजे. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याने मोठा फरक पडावा.

फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर मरते का?

बॅटरी ऊबदार असेल, गाडीत तिला गार-गरम ठेवायची सोय असेल आणि तुम्ही ८० टक्क्यांवर थांबत असाल तर धास्ती घेण्याइतका फरक पडत नाही. कडाक्याच्या थंडीत, आधी न तापवता, केले तर पडतो.

जुनी गाडी घेताना विकणाऱ्याने दिलेला एसओएच रिपोर्ट पुरेसा आहे का?

नाही, आणि हे मी ठेच लागून शिकलो. एका ओळखीच्या गृहस्थांनी गाडी घेण्याआधी मला बोलावले. सव्वा लाख किलोमीटर पळालेली गाडी, रिपोर्टवर ९७ टक्के. मी डोंगल लावला, त्यातही ९७. फुल चार्जवर सगळे सेल ४.१५ व्होल्टच्या आसपास, जास्तीत जास्त ५ मिलिव्होल्टचा फरक. झकास म्हणून मी मान डोलावणार होतो. पण सव्वा लाखाला ९७ हे काही पचेना, म्हणून मालकाच्या परवानगीने गाडी दिवसभर फिरवली आणि ९ टक्क्यांवर आणली.

तिथे खरे चित्र उघडे पडले. ९५ सेल ३.४४ ते ३.४६ व्होल्टवर, आणि ५७ क्रमांकाचा सेल ३.२१ वर. भरलेले असताना सगळे सेल सारखेच दिसतात, कारण बॅलन्सिंग त्यांना वरच्या टोकाला सारखे करून ठेवते. कमी क्षमतेचा सेल उतरताना आधी तळ गाठतो, आणि एकापुढे एक जोडलेल्या पॅकमध्ये एक सेल रिकामा झाला की सगळ्यांना थांबावे लागते. रात्री चार्ज करून युनिट मोजले, एसओएच ८१ ते ८४ च्या पट्ट्यात आली. मागच्या एका दुरुस्तीत बीएमएस रीसेट झाली होती. रीसेटनंतर ती बॅटरी नवी धरून सुरुवात करते आणि खरा अंदाज लागायला तिला वेळ लागतो. विकणाऱ्याला हे ठाऊक होते का, मला सांगता येणार नाही. त्याचा कागद तरी खोटा नव्हता, बीएमएस जे म्हणाली तेच त्यावर छापले होते.

तेव्हा गाडी १० टक्क्यांच्या आसपास असताना सेलचे व्होल्टेज बघा. तिथे सगळे जवळजवळ असले तर पॅक एकसंध आहे. एखादाच सेल दूर असेल तर मॉड्यूल, म्हणजे तो सेल असलेला गट, बदलून भागेल का ते विचारा. सगळेच विखुरलेले असले तर दुसरी गाडी बघा.

एसओएच चांगली म्हणजे बॅटरी सुरक्षित, असं म्हणायचं का?

नाही. ९५ टक्क्यांच्या सेलमध्येही आतला सूक्ष्म शॉर्ट असू शकतो. त्याची खूण वेगळी: गाडी काही दिवस नुसती उभी असताना एकच सेल बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतो. असे दिसले, किंवा पॅकला मार बसला असेल, पाणी शिरले असेल, तर टक्केवारी विसरा आणि आधी तपासून घ्या.

गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची आहे. किती चार्जवर ठेवू?

४० ते ६० टक्के, सावलीत. १०० वर नको, ५ वर तर मुळीच नको. निघण्याआधी आणि परत आल्यावर सेलचे व्होल्टेज टिपून ठेवलेत तर वरच्या प्रश्नातली तपासणीही आपसूक होते.

गाडीतून काढलेल्या बॅटरीचं पुढे काय?

७० टक्के क्षमतेचा पॅक गाडीला जड होत असला तरी सौर विजेच्या साठवणीला बरीच वर्षे चालू शकतो, कारण तिथे करंट कमी आणि वजनाची फिकीर नसते. पण त्यासाठी पॅक उघडून मॉड्यूल एकेक तपासावे लागतात आणि सारख्या तब्येतीचे एकत्र लावावे लागतात. हे काम प्रशिक्षित माणसाचेच. ३५० व्होल्टचा पॅक ‘डेड’ झाला असे स्क्रीनवर आले तरी त्याच्या टर्मिनलवर जीवघेणे व्होल्टेज असतेच. ज्यांची मापे गुडघ्याच्या पलीकडे गेलीत ते मॉड्यूल मात्र मी दुसऱ्या वापरालाही पाठवत नाही, सरळ रिसायकलिंगला.